पुणं की मुंबई, हे तुम्ही मला विचारलं होतं

प्रिय श्रीपत,

तुमचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. लग्नात बाया उखाण्यासाठी मागे लागल्या तेव्हा रडले, पण घेतलं नाही. आज हाताने लिहिते आहे. लिहिलेलं कोणाला ऐकू जात नाही ना?

आज अंधार पडला की माझा पाट लागणार आहे; विधवेचं दुसरं लग्न दिवसाउजेडी लावत नाहीत. माणूस चांदूर बाजारकडचा आहे. बैलांचा व्यापार करतो. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली. माझ्या बांनी ठरवलं, मी मान हलवली. पाटाच्या नवरीचं तोंड सवाष्णींनी पाहायचं नसतं, म्हणून उजाडायच्या आत मला बैलांच्या दमणीत बसवून नेतील. एकदा त्या घरची चूल पेटवली की तुमच्याशी बोलायचा हक्क मला उरणार नाही. म्हणून आज लिहिते. बा आणि माय बाजाराला गेलेत, घरात कोणी नाही. शाई नव्हती, दिव्याची काजळी पाण्यात कालवली आहे. अक्षर फिकं दिसलं तर रागावू नका.

बोलताना 'मले' म्हण, पण लिहिताना 'मला' लिही, हे तुम्हीच शिकवलंत. पाहा, एकदाही चुकले नाही.

आपलं लग्न झालं तेव्हा साऱ्या वऱ्हाड मुलखाला कापसाचं वेड लागलं होतं. दूर अमेरिकेत लढाई चालू होती, आणि तिच्यामुळे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. तुमच्या वडिलांनी, मामाजींनी, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या होत्या. वरातीत लोक नवरदेवाऐवजी बैलच पाहत होते! आणि तुम्ही? बाशिंगाआडून एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मान वर करून मांडवाचे बांबू पाहत होतात. मला वाटलं, नवरा खुळा भेटला. पुढे कधीतरी सांगितलंत, "दोन बांबू उभे अन् एक तिरपा, असं काहून बांधते ते पाहून राहिलो होतो." म्हणजे खुळेच होतात की.

त्या कापसाच्या पैशानेच तुम्ही अमरावतीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होतात. सुट्टीत घरी आलात की मामाजी तुम्हाला खळ्यावर राखणीला बसवत. मी भाकर घेऊन येई. तुम्ही जेवायचं सोडून कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या काड्या मांडत बसायचात. तीन काड्यांचा तिकोना करायचा, मग चौथी काडी वरच्या टोकावर आडवी ठेवायची, खालच्या काडीपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर. "आता पाह्य. खालचे दोन कोपरे वर गेले. तिन्ही कोपरे मिळून सरळ रेघेवानी सपाट झाले का नाई?"

"याच तिकोन्याचे होते, का साऱ्यांचे?" मी विचारलं होतं.

"साऱ्यांचे."

"लहान असला तरी?"

"लहान, मोठा, आकाशाएवढा. कसाही."

मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. आमच्या घरात कोणतीच गोष्ट साऱ्यांना सारखी नव्हती. मायला वेगळी, बांना वेगळी, भावाला वेगळी. आणि इथे चार काड्या सांगत होत्या की हे सगळीकडे सारखंच आहे! दुसऱ्या दिवशी मी भाकर लवकर थापली. आत्याबाई म्हणाल्या, "आज लय घाई हाये सुनेले." मी खाली मान घालून निघाले.

अक्षरं त्याच्या मागून आली. तुम्हाला कोणाशी तरी बोलायचं असायचं, म्हणून शिकवलंत. हे मला माहीत होतं. मला वाईट वाटलं नाही. घरात तुमच्याशी बोलायला दुसरं होतं कोण? मामाजींना कापूस, आत्याबाईंना देवधर्म. तुमच्या शाळेतले करीम मास्तर तर अमरावतीत.

मग तो सवाल. तुम्ही म्हणालात, वरची आडवी काडी आणि खालची काडी दोन्हीकडे कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटणार नाहीत. मी म्हणाले, "कशावरून? शेवटपर्यंत जाऊन कोणी पाह्यलं?"

तुम्ही हसलात. "अकोल्याले आगगाडीचे रूळ टाकून राहिले ते पाह्य. भेटते का कुठी?"

"ते तं माणसानंच टाकले, भेटू नाई म्हणून."

तुम्ही हातातली भाकर खाली ठेवलीत. मला वाटलं, मी काही वावगं बोलले. पदर सावरून उठायला लागले तर तुम्ही म्हणालात, "सारजे, बस. हे पुन्हा एकदा बोल."

माझ्या उभ्या जन्मात मला कोणी 'पुन्हा बोल' म्हटलेलं ते एकदाच.

पुढच्या साली घरात भांडण लागलं. अमरावतीची शाळा संपत आली होती. तिथे आलेल्या साहेबाने मामाजींना सांगितलं होतं की पोराला पुण्याला पाठवा, तिथे पूल आणि सडका बांधायचं गणित शिकवतात, शिकला की सरकारी नोकरी. मामाजींना ते पटलं. पण करीम मास्तर मुद्दाम अमरावतीहून आपल्या गावी आले. आठवतं? ओसरीवर बसले होते, पाणी त्यांनी बाहेरच प्यायलं, आणि मी दाराआडून ऐकत होते.

"पाटील, पूल बांधणारे लय भेटतीन," मास्तर म्हणाले. "हा पोट्टा अलग हाये. त्याले मुंबईले पाठवा. तिथं गणित गणितासाठी शिकवते."

"ते शिकून काय होते?"

"गणित येते."

"अन् त्यानं काय होते?"

मास्तर नुसती दाढी कुरवाळत बसले. मला आत हसू आलं आणि भीतीही वाटली. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याच्याजवळ मामाजींना देता येईल असं उत्तर नव्हतं.

त्या दिवशी गोठ्यात तुम्ही मला विचारलंत, "तू सांग. पुणं का मुंबई?"

मला! ज्या बाईने पातूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं तिला! मला मुंबई म्हणजे कापसाच्या गाठी जातात ती जागा, आणि पुणं म्हणजे पेशव्यांचं गाव, एवढंच ठाऊक. मी मला सुचलं ते विचारलं. जेवण कुठे भेटेल? तुम्ही म्हणालात, पुण्यात साऱ्या बामणांच्या खाणावळी, कुणब्याच्या पोराला पंगतीत कोण घेणार? मुंबईत मात्र आपल्या गावचे दोघे कापसाच्या वखारीत कामाला आहेत, त्यांच्या खोलीत भाकर थापता येईल. आजारी पडलात तर घरी कोण कळवेल? तेही तेच दोघे. मग मी म्हणाले, "माहा तो काड्यांचा सवाल दोन्हीकडं विचारून या. जो चांगलं सांगन, त्याच्याकडं राहा."

मी अर्धं थट्टेने बोलले होते. तुम्ही खरंच विचारून आलात.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेसाठी मुंबईला जायचंच होतं, तर आधी पुणं पाहून घेऊ, असं मामाजींनी ठरवलं. अकोल्याहून आगगाडीत बसलात. मामाजींनी सोबत घरचं पाण्याचं मडकं घेतलं होतं. परत आलात तेव्हा पाय धुवायच्या आधी तुम्ही मला खुणेने खळ्यावर बोलावलंत. इतकं उजळलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

"पुण्याचा मास्तर म्हणे, हे मानूनच चालाचं असते. मानलं नाई तं पूल कसा बांधशीन?"

"मंग बरोबरच हाये त्याचं."

"बरोबर हाये. अन् मुंबईचा गोरा मास्तर लय वेळ खिडकीतून बाहेर पाहत राह्यला. मंग म्हणे, मले नाई माहीत. माह्यापेक्षा लय मोठे मोठे या सवालापाशी अडकले. तू ये, आपण दोघं मिळून पाहू." तुम्ही माझा हात धरलात, भर खळ्यावर, दिवसाढवळ्या! "सारजे, तुह्या सवालाले उत्तर नाई. म्या तिथंच जातो."

उत्तर नाही म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पास झाल्याचं कळलं तेव्हा आत्याबाईंनी गावात गूळ वाटला. मामाजीही हळूहळू वळले होते. पण कापसाचा भाव तोवर उतरणीला लागला होता. अमेरिकेतली लढाई थांबली, तिथला कापूस पुन्हा निघायला लागला, आणि आपल्याकडच्या गाड्या बाजारात उभ्या राहायला लागल्या. मामाजी म्हणाले, "औंदाचा कापूस निघू दे, मंग जाय. इंग्रज व्यापाऱ्याशी बोलाले तुह्याशिवाय कोण हाये माह्याजवळ?"

तुम्ही थांबलात. कुरकुरलासुद्धा नाहीत! एवढं काय ते शहाण्यासारखं वागायचं? एकदा तरी भांडायचं होतं. माझ्यापाशी तरी म्हणायचं होतं की मला जायचं आहे. मी आत्याबाईंच्या पाया पडले असते, मामाजींच्या वाटेत आडवी पडले असते. तुम्ही मात्र म्हणालात, "मुंबई कुठी पळून जाते का?"

मुंबई पळून गेली नाही. ती अजून तिथेच आहे म्हणतात.

गाड्या भरून तुम्ही दोघे अकोल्याला गेलात. गिऱ्हाईक नव्हतं. दिवसामागून दिवस गाड्या बाजारात उभ्या. ऊन रणरणतं, एवढी माणसं, एवढी जनावरं, आणि पाणी त्याच एका विहिरीचं. पटकीची साथ आली. तुमच्या शेजारच्या गाडीवरचा माणूस आधी गेला. त्याला पाणी पाजायला तुम्ही गेला होतात, असं मामाजी सांगतात. पाजायचंच होतं का हो? दुसरं कोणी नव्हतं?

घरी आणलं ते न बोलणारं शरीर. मी तुमच्या उजव्या हाताकडे पाहत होते. नखांत शाई तशीच होती.

एवढंच असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. दुःख साऱ्यांनाच होतं. पण पुढचं तुम्हाला माहीत नाही, आणि ते तुम्हाला सांगणारं दुसरं कोणी नाही.

तेरावं झाल्यावर करीम मास्तर आले. मावशीकडे राहिलेली तुमची पुस्तकं घेऊन आले होते. मामाजींपुढे बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मामाजी म्हणाले, "मास्तर, आता काहाची मुंबई," आणि तेही रडले. पुस्तकं ओसरीवर तशीच राहिली. ती आत न्यायला मी वाकले. सगळ्यात वरच्या पुस्तकावर तुम्ही मराठीत तुमचं नाव घातलं होतं. नाव दिसलं आणि माझे ओठ हलले. आवाज निघाला नाही. ओठ तेवढे हलले.

आत्याबाई समोरच होत्या.

"तुले वाचता येते?"

मी पुस्तकं छातीशी धरली.

"कोणं शिकवलं?"

मी पदर पुढे ओढला.

"बाईनं अक्षर शिकलं का नवरा राहत नाई, हे तुह्या मायनं तुले सांगतलं नाई?" त्यांनी माझ्या हातातली पुस्तकं ओढून घेतली. "माह्या पोराले पटकीनं नाई नेलं. तूनं खाल्लं त्याले!"

सारा शेजार गोळा झाला. मी तिथेच उभी. मास्तरांना वाटेला लावून मामाजी परत आले, आत्याबाईंवर ओरडले, पण मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "पोरी, खरंच येते का वाचता?" मी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी मागितलं नाही.

म्हणजे त्यांनाही वाटलंच असेल ना?

श्रीपत, मला खरं सांगा. असं असतं का? तुम्ही म्हणायचात, कारण दाखवल्याशिवाय काही मानायचं नाही. मी स्वतःला शंभरदा समजावलं. पटकी पाण्यातून आली असेल. शेजारचा माणूस मेला, त्याच्या बायकोला कुठे अक्षर येत होतं? मग तो का गेला? हे सारं मला कळतं. पण तुमच्या घरात कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, लेकुरवाळ्या बाया माझी सावली टाळत होत्या, आणि आत्याबाई तुळशीपुढे बसून रोज तेच म्हणत होत्या. रोज तेच ऐकलं की ते आत जाऊन बसतं. काहून शिकवलं हो मला? तुम्ही तुमच्या काड्या मांडत बसला असतात, मी भाकर ठेवून निघून गेले असते, तर आज मला एवढं तरी ठाऊक असतं की माझा काही दोष नाही.

मामाजींचं निराळंच. ते आता शेतावर फारसे जात नाहीत. चांदीच्या शेंब्या कधीच उतरवल्या. बा मला न्यायला आले त्या दिवशी मामाजी गाडीजवळ आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पोरी, म्या पहिल्यांदाच हो म्हटलं असतं तं तो तवाच मुंबईले गेला असता. अकोल्याले आलाच नसता. खरं ना?"

खरंच होतं ते.

"नाई मामाजी, तसं नसते," एवढंच बोलले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. ते तिथेच वाकून उभे राहिले. मी वळून पाहिलं तेव्हाही तसेच उभे होते.

पुस्तकांचं काय झालं ते विचारू नका. आत्याबाईंनी ती चुलीत घातली नाहीत, एवढं मात्र खरं. कोठीत पेंडीच्या पोत्यांखाली टाकली. तिथे वाळवी आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते सगळ्यात अवघड. इथे माहेरी आल्यावर एकदा शेतात एकटी होते. वाटलं, एकदा तुमचा तिकोना मांडून पाहू. तीन काड्या मांडल्या. चौथी वरच्या टोकावर आडवी ठेवली. मग खालचे दोन कोपरे वर जातात. पण का जातात? कोणता कोपरा कोणत्या बाजूला? मी काडी इकडून ठेवली, तिकडून ठेवली. काही आठवेना. मला ते पाठ नव्हतं, कळलेलं होतं! कळलेलं कधी जात नाही, असं तुम्ही म्हणायचात. जातं हो. विचारायला माणूस नसला की जातं. मी त्या काड्यांपुढे बसून जेवढी रडले तेवढी तुमच्या तिरडीपुढेही रडले नव्हते.

वाटेत आमची दमणी अमरावतीवरून जाईल. तुमची शाळा सडकेला लागून आहे असं तुम्ही सांगायचात. तोंडावर पदर असेल, पाहता येणार नाही. पाहून करायचं तरी काय?

तो माणूस वाईट नाही, असं बा म्हणतात. दारू पीत नाही, बैलांना मारत नाही. मला अक्षर येतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. बांनी माझ्याकडून शपथ घेतली आहे की तिथे कोणासमोर कागद हातात धरायचा नाही. मी शपथ घेतली. हा शेवटचा कागद. लिहून झाला की चुलीत घालीन.

त्याला एक मुलगी आहे, गंगू. परवा बोलणी करायला आला तेव्हा तिला सोबत आणलं होतं. दुधाचे दात पडलेले, नाक वाहतं. माझ्याजवळ येऊन बसली आणि अंगणात पडलेली फोलपटं मांडायला लागली. एका रांगेत चार, दुसऱ्या रांगेत चार. मग एक उरलं. ते हातात धरून तिने मला विचारलं, "हे एकलंच काहून राह्यते?"

मी उठून आत गेले. आत जाऊन पाण्याच्या रांजणाला धरून उभी राहिले. मला त्या पोरीची भीती वाटली, श्रीपत. तिच्यापेक्षा तिच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी. कुठेतरी असेल तो आज, एवढासा, आईच्या पदराला धरून. त्याचं काही वाईट व्हावं असं माझ्या हातून नको.

म्हणून तुम्हाला वचन देते. तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐका. त्या पोरीला मी जेवू घालीन, तिची वेणी घालीन, तापात तिच्या उशाशी बसेन. पण अक्षर शिकवणार नाही. काडी मांडून दाखवणार नाही. ती 'काहून' म्हणाली की मी दुसरीकडे पाहीन, आणि ती विचारायची थांबेपर्यंत दुसरीकडेच पाहत राहीन.

हे वचन मोडायला लावणारे एक तुम्हीच होतात. तुम्ही नाहीत, म्हणून ते पाळलं जाईल.

बाहेर बांची गाडी वाजली. थांबते.

आज दिवे लागेपर्यंत तुमचीच,
सारजा